नाण्यावरचा अंगठा

माझ्या नवऱ्याला नाणं कडेनं धरायची खोड होती. साधं, बाजारातलं नाणंसुद्धा. कॅरिगलाइनला, आमच्या आयर्लंडमधल्या गावात, दुकानात सुटे परत मिळाले की तो ते एकेक करून चिमटीत उचलायचा आणि मागे रांग खोळंबायची. "अरे, पैसे आहेत ते, विंचू नव्हेत," मी म्हणायचे. तो नागपूरचा, मी पुण्याची, त्यामुळे उत्तर ठरलेलं असायचं. "तुमच्या पुण्यात लोक पैशाला हातच लावत नाहीत, मग बोटं उमटणार कुठून?"

खोड लागली ती नोकरीमुळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही आयर्लंडला आलो. रिंगास्किडीला बंदराच्या कडेनं औषधांचे कारखाने उभे आहेत, त्यातल्या एकात तो गोळ्यांच्या मशीनवरचे ठसे सांभाळायचा. गोळी म्हणजे मुळात भुकटी. ती पोलादी साच्यात पडते, वरून आणि खालून दोन ठसे तिला दाबतात, आणि ती अक्षरं अंगावर घेऊनच बाहेर येते. ठशाला ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक गोळीला गेला. ठसा गंजला की सगळा माल फुकट. आणि चांगला जपलेला ठसा गंजतो कशानं, तर माणसाच्या बोटानं. घामातलं मीठ पोलादावर बसतं, त्या वेळी काहीच दिसत नाही, आणि मग कधीतरी बोटाची रेघन् रेघ तांबूस होऊन वर येते. "बोट आज ठेवलं तर आज दिसत नाही," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

आमची मुलगी झाली तेव्हा त्याच्या लॅबमधला एक चिनी केमिस्ट बारशाला आला. बारसं म्हणजे काय, भाड्याच्या घरात पाळण्याऐवजी कारसीट, आणि घुगऱ्यांसाठी डब्यातले छोले. त्या गृहस्थानं लाल मखमली डबीतून चांदीचं नाणं आणलं होतं. एका बाजूला गोल छपरांचं देऊळ, दुसऱ्या बाजूला बांबू खाणारा पांडा. त्यांच्याकडे दरवर्षी पांडाचं नवं चित्र करून अशी नाणी काढतात, ती बाजारात चालवायला नाही, जपायला. आपल्याकडे बाळाला चांदीची वाटी देतात, म्हणून मला एकदम तो माणूस आपल्यातलाच वाटला. मी नाणं डबीतून काढायला हात घातला आणि दोन्ही पुरुष एकदम उठले.

"कडेनं," नवरा म्हणाला. "कडेनं धर."

त्या केमिस्टचे काका तिकडे टांकसाळीत होते, ठसे घासायच्या कामावर. त्यामुळे जेवणं झाल्यावर हे दोघं त्या नाण्यावर ओणवे बसले ते चहा निवेपर्यंत. मी खांद्यावर मूल घेऊन येरझाऱ्या घालत होते, ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या दिवशी जे कानावर पडलं ते मला आजही सांगता येतं.

चित्र आधी प्लास्टरमध्ये करतात, ताटाएवढं मोठं. मग यंत्रानं ते लहान करत करत पोलादात उतरवतात. पोलाद भट्टीत घालून कडक करतात. खरं काम त्यानंतरचं. नाण्याचा जो मोकळा भाग असतो, चित्राच्या मागचं आकाश म्हणा, तो ठशावर हिऱ्याच्या पुडीनं घासून घासून आरसा करतात. मग तो आरसा झाकून उरलेल्या चित्रावर बारीक कण जोरानं फवारतात, त्यानं पोलाद अगदी सूक्ष्म खरखरीत होतं. असा ठसा चांदीवर बसला की आकाश आरशासारखं लख्ख येतं आणि चित्र धुकट, पांढुरकं, सकाळी गाडीच्या काचेवर हिव साचतं तसं. पांडाचं काळं अंग आणि पांढरं अंग वेगळं दिसावं म्हणून कणसुद्धा वेगवेगळे, कुठे जाडे, कुठे बारीक. रंगाचा एक थेंब नाही. नुसत्या खरखरीतपणानं काळंपांढरं केलेलं.

"आणि चांदीची कोरी चकतीसुद्धा आधीच घासलेली असते," नवरा मला समजावत होता, जणू मी परीक्षेला बसणार होते. "मग एकदा मारून भागत नाही. दोनदा, तीनदा, सावकाश दाबायचं. मध्ये एक धूलिकण आला तर तो पण उमटतो."

"आणि हात लावला तर?" मी विचारलं.

"आरसा मेला."

नंतरची काही वर्षं त्याला या चिनी नाण्यांचं वेडच लागलं. पाकळ्यांच्या आकाराची नाणी, पंख्याच्या आकाराची, मध्ये सोनं आणि भोवती चांदी असलेली. विकत काही घेतलं नाही, फक्त चित्रं बघायची. रंगीत नाण्यांवर नाक मुरडायचा. "छपाई आहे ती, पाडणं नव्हे." मी म्हणायचे, "तुझी सगळी अक्कल त्या पांडात गेली." आमचं ते एकच नाणं त्यानं प्लास्टिकच्या पारदर्शक, घट्ट डबीत घालून हॉट प्रेसमध्ये ठेवलं. हॉट प्रेस म्हणजे तिकडच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती असतं ते कपाट. टॉवेल, चादरी तिथेच ठेवतात, कारण घरात तेवढीच एक जागा कोरडी. रविवारी दुपारी मुलीला मांडीवर घेऊन तो डबी बाहेर काढायचा आणि दोघं त्या आरशात आपापले दात बघायची.

मग त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच पसरलेला होता. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती.

त्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. एकच दुपार लिहिते. हॉस्पिटलच्या खिडकीतून पार्किंग दिसत होतं. तो म्हणाला, "हॉट प्रेसमधलं नाणं आण." दुसऱ्या दिवशी मी नेलं. डबी त्यानं स्वतः उघडली, नखानं, बराच वेळ लागला, मी मदत करायला गेले तर मान हलवली. नाणं कडेनं धरलं. त्या आरशात स्वतःचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "आयला, काय झालोय मी." मग उजव्या हाताचा अंगठा त्यानं पांडाच्या डोक्यावरच्या मोकळ्या आकाशात ठेवला आणि दाबून धरला. त्याच्या हातात तेव्हा कप धरायची ताकद नव्हती, पण अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं मी बघितलं.

"अरे, काय करतोयस?"

"काही दिसतंय का?" त्यानं अंगठा उचलून विचारलं.

"नाही."

"मग झालं." डबी बंद करून त्यानं माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले.

नर्स म्हणाली, मॉर्फिननं असं होतं, माणसं काहीही करतात. होत असेल. पण ज्यानं जन्मभर बाजारातली नाणीसुद्धा कडेनं उचलली, त्याला बोट ठेवल्यावर पुढे काय होतं ते माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. ते त्यानं मुद्दाम केलं. माझं मत मी बदललेलं नाही.

तो गेला तेव्हा त्याची आई नागपुरात होती. व्हिसा हाती आला तो तेराव्यानंतर, मग त्या तेव्हा आल्याच नाहीत. कॉर्कला, आमच्या जवळच्या शहरात, तेव्हा दहनाची सोय नव्हती, त्याला डब्लिनला न्यावं लागलं, भर पावसात, सगळी वाट माझ्या पुढे ती काळी गाडी. कारखान्यातली माणसं रांगेनं आली आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत हात हातात घेऊन गेली. प्रत्येकाचं वाक्य तेच, तिकडे सांत्वनाला तेच म्हणतात. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण वेगळं काही बोलायला गेलेले लोक फार त्रास देतात.

पुढच्या उन्हाळ्यात मी चादर काढायला हॉट प्रेस उघडलं आणि मुलगी म्हणाली, पांडा बघूया. तोवर डबी उघडायचं सोडा, तिच्याकडे बघायचंही मी टाळलं होतं. प्लास्टिकच्या आत, पांडाच्या डोक्यावर, तपकिरी लंबगोल होता. मला आधी वाटलं चांदी काळी पडली. मग उजेडात नेलं. एकात एक वळणं, बारीक, स्वच्छ. आणि त्या वळणांना कापत गेलेली एक आडवी रेघ. लहानपणी संत्र्याच्या पेटीची पत्र्याची पट्टी लागून त्याचा अंगठा फाटला होता, त्याची खूण. ती खूण मी कित्येकदा हातात हात धरताना चाचपली होती.

मी जिन्यावर बसले आणि रडले. मुलीनं डबीवर, प्लास्टिकवरूनच, आपला अंगठा ठेवला. "डॅडी'ज थम," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती तिकडच्या मुलांसारखं इंग्रजीच. त्यानंतर दर रविवारी हा आमचा कार्यक्रम झाला. ती अंगठा त्यावर ठेवायची आणि अजून किती मोठं व्हायचंय ते बघायची. घरभर त्याचे फोटो होते, पण फोटो माझ्या दृष्टीनं कागदच. हे मात्र त्याच्या अंगातून निघालेलं होतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर, दिवाळीच्या आधी, सासूबाई आल्या. विमानतळावर मला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले त्याचं काहीच पाहाले नाही भेटलं गं." रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्याचा स्वेटर मागून घेतला आणि अंगात घातला, पण तो मी तोवर तीनदा धुतला होता. मला त्या धुण्याचा इतका पश्चात्ताप झाला की काय सांगू. त्यांनी बाही नाकाशी धरली आणि खाली सोडली.

तेव्हाच मी ठरवलं की नाणं त्यांना दाखवायचं. पण असंतसं नाही. लक्ष्मीपूजन झालं की आरामात बसवून, दिव्याच्या उजेडात त्यांच्या हातात द्यायचं. मुलीलाही सांगून ठेवलं, आजीला आत्ता नको, सरप्राइज आहे. नातीला त्यांनी आल्याआल्याच संत्र्याच्या पेटीची गोष्ट सांगितली होती. तिच्या बापाचा अंगठा कसा फाटला, रक्त कसं थांबेना, त्यांनी हळद कशी दाबून धरली, आणि तो कसा ओरडलासुद्धा नाही. मुलगी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

बाई तशा गमतीच्या. गल्लीतल्या दारांवर हॅलोविनचे सांगाडे आणि भोपळे लटकत होते, ते बघून म्हणाल्या, "दिवाळीच्या टायमाले भुतं टांगून ठेवते काय हे लोक?" शेजारणीनं जेवायला बोलावलं तर काटेचमचे बघून त्यांनी सरळ हातानं बटाटे खाल्ले. "चमच्यानं जेवलं की पोट भरत नाही, बापा. दवाखान्यातल्यासारखं वाटते." शेजारीण म्हणाली, 'यू'र ग्रँड,' म्हणजे तिकडच्या बोलीत काही हरकत नाही, आणि तिनंही हातानं खाल्लं. त्या संध्याकाळी मी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मला सुट्टी नव्हती. संध्याकाळी मुलीला शाळेनंतरच्या पाळणाघरातून घेऊन घरी आले. काळोख पडायला लागला होता. स्वयंपाकघरात चिंचेचा वास होता. सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या आणि ओट्यावर ताम्हनात चांदीची वाटी, निरांजन आणि ते नाणं.

प्लास्टिकची डबी दोन तुकडे होऊन शेजारी पडली होती. तिच्या बाजूला दंतमंजनाची पांढरी पुडी.

"आली का?" त्या म्हणाल्या. "टावेल काढाले ते कपाट उघडलं, तर हे दिसलं. त्याच्या जवळचं असंल म्हटलं. किती काळं पडलं होतं गं. मधात तर एवढा मोठा डाग होता. पुजेले असं काळं कसं ठेवाव? चिंचेनं निघेना, मग मंजन घेतलं. अर्धा घंटा घासलं तेव्हा कुठं गेला तो."

मी नाणं उचललं. कडेनं धरलं, हे मला नंतर आठवलं. आकाश होतं तिथे बारीक ओरखड्यांचं गढूळ जाळं झालं होतं, त्यात काही दिसत नव्हतं. आणि पांडाची पाठ, जी धुकट असायची, ती घासून स्टीलच्या वाटीसारखी चकाकत होती. चमकायचं ते मेलं होतं आणि मऊ दिसायचं ते चमकत होतं. अंगठा नव्हता. खूण नव्हती.

"राहून गेलं असंल तुझं," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या मागं काय कमी व्याप आहे?" आणि हसून त्यांनी आपला उजवा हात दाखवला. अंगठा आणि दोन बोटं काळी झाली होती, कातडीच्या भेगांत काळं शिरलं होतं. "साबणानं जात नाही. लिंबानं जाईल." ओट्यावर त्यांनी लिंबू आणि सुरी काढूनच ठेवली होती.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी तो शब्दांत लिहू शकत नाही. माझ्या घरातलं कपाट उघडणाऱ्या, विचारल्याशिवाय घासणाऱ्या, माझं उरलंसुरलं धुऊन टाकणाऱ्या त्या बाईला घरातून हाकलावं असं वाटलं. मी गाडीत काहीतरी राहिलं म्हणून बाहेर गेले आणि गाडीत दार लावून बसले. स्टिअरिंगवर हात आपटले. रस्त्यावर कुठेतरी पोरं हॅलोविनचे फटाके उडवत होती.

राग ओसरला आणि मग जे दिसलं ते त्याहून वाईट होतं. त्यांना मुलाचं काही म्हणजे काही बघायला मिळालं नव्हतं. जे एक उरलं होतं, त्यात त्यांनी हळद भरलेली जखमसुद्धा होती, ते त्यांनी अर्धा तास, जीव लावून, नातीच्या घरात लक्ष्मी यावी म्हणून घासून काढलं होतं. माझं गेलं ते गेलंच. पण त्यांना हे सांगितलं तर ती बाई उरलेलं आयुष्य कशी काढणार? मी ठरवलं, सांगायचं नाही. कधीच नाही. मी तोंड पुसलं आणि आत गेले.

मुलीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण तोवर पाटावर लाल कापड अंथरून, त्यावर तांदूळ पसरून सासूबाईंनी नाणं मध्ये ठेवलं होतं आणि नातीला शेजारी बसवलं होतं. हात तेवढे धुवायचे राहिले, म्हणाल्या, आधी पूजा करून घेऊ, दिवा लावलाय. उजव्या हाताच्या अनामिकेनं त्यांनी नाण्याला हळद लावली, कुंकू लावलं. मुलगी वाकून बघत होती. तिनं नाणं अलगद फिरवलं, मग उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग रविवारी ठेवायची तसा आपला अंगठा पांडाच्या डोक्यावर ठेवला, उचलला आणि खाली बघितलं.

"मम," ती म्हणाली, "व्हेअर'ज डॅडी'ज थम गॉन?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते पोट्टी?"

"म्हणतेय," मी म्हणाले, "की नाणं छान चमकतंय."

मुलगी माझ्याकडे वळली. तिला दोन्ही भाषा कळत होत्या. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग आजीच्या तोंडाकडे, आणि तिनं हळूच हात मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. "इट'स ग्रँड, आजी," ती म्हणाली.

 सासूबाईंनी एकदा मुलीनं अंगठा ठेवला होता त्या जागेकडे बघितलं. मग ओट्यावर पडलेल्या डबीकडे, मग आपल्या काळ्या अंगठ्याकडे. मग त्यांनी आरतीचं ताट उचललं आणि आरती म्हटली, पूर्ण, एकही कडवं न चुकवता. आवाज नेहमीसारखाच होता. मी देवाचे आभार मानले की त्यांना इंग्रजी येत नाही.

जेवायला बसलो. मी त्यांना वरणभात वाढला, वर तूप घातलं. त्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, मूठ वळलेली, अंगठा आत.

"आई, जेवा ना. निवतंय."

"मले एक चमचा दे," त्या म्हणाल्या.

मी ड्रॉवरमधून चमचा काढून दिला. तो त्यांनी डाव्या हातात धरला. भात सांडत होता, तरी त्यांनी तसंच, सगळं, संपवलं. उजवी मूठ त्यांनी उघडली नाही, जेवून झाल्यावर हात धुवायला उठल्या नाहीत.  

मागची आवराआवर मी केली. ओट्यावर लिंबू तसंच पडलं होतं, सुरी शेजारी. मी ते उचलून परत फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला ठेवून दिलं.